सेकंडहँड पिकअप घ्यायची आहे – खाली-वर काय काय बघू?

शिवारवाट
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. टोमॅटो मुख्य, थोडा कांदा. माल नारायणगावच्या बाजारात भाड्याच्या गाडीने जातो. पण ऐन सीझनला गाडी वेळेवर मिळत नाही आणि तोडलेला टोमॅटो बांधावर थांबत नाही. कधी वाशीला भाव बरा दिसला तर गाडीवाला माळशेज उतरायला नाही म्हणतो. म्हणून दीड टनाच्या आसपास माल नेणारी जुनी पिकअप घ्यायचं घरात ठरलंय. बजेट पाच लाखांच्या आत. सात ते दहा वर्षांच्या गाड्या दाखवतायत.
एजंट दोनच गोष्टी दाखवतो, किलोमीटर आणि नवे टायर. भाऊ चालवतो चांगली, पण इंजिनातलं आम्हा दोघांनाही फारसं कळत नाही. कुठल्या खराबीवर भाव पाडून गाडी घ्यावी आणि कुठली दिसली की सरळ मागे फिरावं, हे जाणकारांनी सांगावं. कागदपत्रं बघायला आमच्याकडे माणूस आहे, त्यामुळे चर्चा यंत्रापुरती ठेवली तर बरं होईल.

चौदापंधरा
दादा, हायवेला गॅरेज आहे माझं, पिकअप रोज हाताखालून जातात. किलोमीटर बाजूला ठेवा. मालकाला आधी विचारा, गाडी काय वाहायची? एजंटला नाही, मालकाला. आरसी बुकावरचा पत्ता असतो, तिथे जाऊन विचारा.
फुलं, भाजी, दूध, मंडपाचं सामान वाहिलेली गाडी दोन लाख किलोमीटर पळाली तरी अंगाने धड असते. वाळू, विटा, सिमेंट ब्लॉक वाहिलेली ऐंशी हजारातच मोडलेली असते. कारण दीड टनाच्या गाडीत लोक तीन टन भरतात. तो जास्तीचा भार पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्या), चॅसीवर, क्लचवर, हाउसिंगवर (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) जातो आणि मीटरमध्ये त्याची कुठेच नोंद होत नाही.
मालक खरं सांगेलच असं नाही, पण हौदा (माल भरायचा मागचा भाग) सांगतो. कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीत, पत्र्याच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर फिरवा. विटांची लाल पूड, सिमेंटचा घट्ट थर, वाळूचे कण निघतात. गाडी कितीही धुतली तरी सांध्यातलं निघत नाही. हौद्याच्या फळ्या अँगल लावून वाढवल्या असतील तर माल किती भरत होते ते तिथेच कळलं.

आता इंजिन. बघायला सकाळी जा, आणि फोनवरच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, धुवायचीही नाही. पोचल्यावर पहिला हात बोनेटखाली इंजिनवर ठेवा. गरम लागलं तर गाडी आधी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला त्रास देते, असं धरून चला. दुसऱ्या दिवशी परत जा. लाजायचं नाही.
थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नको, भाजेल. आत रंगीत कूलंट दिसलं तर उत्तम. गंजाचं लाल पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरत होते. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइल भरायच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखा थर असेल तर हेड गॅसकेटची (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) शंका घ्यायची. मग झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाण्यात जातंय. हेड गॅसकेट तरी गेलं, नाहीतर हेडच वाकलं किंवा चिरलं. अशी गाडी घेऊ नका.
मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तोच दाब खाली ऑइलकडे गळतो का ते. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा आणि नुसतं ठेवा. थोडा वाफारा सगळ्याच जुन्या डिझेल गाड्यांना असतो. झाकण उडत असेल, भकाभक धूर येत असेल, डिपस्टिकच्या नळीतूनही धूर दिसत असेल तर रिंग-लायनर संपले. इंजिन काम आलंच.
धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तो एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, नोझल अशा स्वस्त-महाग दोन्ही कारणांनी येतो. पांढरा धूर सकाळी क्षणभर येऊन गेला तर हरकत नाही. गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर वर लिहिलेलं हेडचं प्रकरण आहे.
चॅसी आणि पाट्यांचं रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आलंय.

भरतीओहोटी
१४-१५ दादांनी हौद्याचं सांगितलंत ते शंभर टक्के पटलं. त्यात माझी भर घालते. आम्ही रत्नागिरीचे, मिरकरवाड्यावरून मासळीची वाहतूक करतो. घाटावरच्या लोकांनी कोकणातली स्वस्त गाडी घेताना हे नीट वाचावं.
मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी दिवसरात्र गळत असतं. ते हौद्याच्या फटीतून थेट चॅसीवर, ब्रेकच्या पाइपांवर, वायरिंगच्या जोडांवर पडतं. वरून गाडीला छान रंग मारता येतो, खालून नाही. चॅसीची पट्टी पेटीसारखी बंद असेल तर ती आतून खाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो.
ब्रेकचा लोखंडी पाइप चॅसीला जिथे क्लिपने धरलेला असतो तिथे क्लिपखाली मीठ साठतं. पाइप उघड्यावर चांगला दिसतो आणि क्लिपखाली कागदासारखा पातळ झालेला असतो. क्लिप सैल करून नखाने खरवडून बघा, पापुद्रे निघाले तर सगळी लाइन बदलायची. ही लाइन भर ब्रेक मारतानाच फुटते, एरवी नाही. तेव्हा यात काटकसर करू नका.
आम्ही आमच्या गाडीला रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुतो, पावसाळ्याआधी खालून अंडरकोट मारतो. तरीही हौद्याचा तळ दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. कोंबड्यांच्या गाड्यांचंही तेच, विष्ठेने पत्रा खातो. खत वाहिलेली गाडीही तशीच समजा.

शिवारवाट
ताई, दादा, मनापासून आभार. एक गाडी नेमकी किनारपट्टीवरचीच होती आणि बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. कारण आता कळलं.
दुसरा प्रश्न. गावातले मिस्त्री सांगतात बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी नियमातली) घ्या, पंप-नोझलची गाडी, कुठेही दुरुस्त होते. एजंट म्हणतो बीएस-४ घ्या. कोणाचं ऐकू?

सरळरेषा
डिझेल इंजेक्शनच्या क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. देशभर बीएस-४ सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. म्हणजे बीएस-३ घेतलीत तर सगळ्यात नवी गाडीसुद्धा २०१७ च्या सुरुवातीची. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो आणि फिटनेस दर वर्षी करावं लागतं. हा हिशेब आधी मनात ठेवा.
मिस्त्रींचं म्हणणं चुकीचं नाही. मेकॅनिकल पंपाची गाडी भेसळीचं डिझेल, पाणी मिसळलेलं डिझेल थोडंफार सहन करते, आणि बिघडली तर तालुक्याच्या ठिकाणी पंप कॅलिब्रेट होतो. बीएस-४ मध्ये बहुतेक कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल; तिथे दाब हजार बारच्या वर जातो, इंजेक्टरमधली फट मायक्रॉनमध्ये असते. तिथे पाण्याचा थेंबही नुकसान करतो. पण नीट ठेवलेली कॉमन रेल गाडी कमी डिझेलमध्ये जास्त ओढते. दीड टन घेऊन घाट चढताना तो फरक खिशात दिसतो. माझं मत बीएस-४ कडे झुकतं, अट एवढीच की इंजेक्टर तपासून घ्या.
कसे? गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना पटकन आणि गरम असताना लांब सेल्फ मारून सुरू होत असेल तर इंजेक्टर परतीच्या नळीतून जास्त डिझेल सोडतायत अशी शंका घ्या. खात्रीसाठी लीक-ऑफ टेस्ट असते. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि काही मिनिटं इंजिन चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरली तर तो इंजेक्टर गेला. कुठल्याही डिझेलवाल्याकडे करून मिळते.
चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑनला लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय, आणि तसं कुणी उगाच करत नाही. टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा होज काढून आत बोट फिरवा. हलका ओलसरपणा ठीक, तेल साठलं असेल तर टर्बोचं सील गेलंय. तिथेच टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघा, किंचित आडवा हलतो, पण मागे-पुढे हलता कामा नये.
ईजीआर व्हॉल्व्हला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) पत्र्याची चकती मारून बंद केलेल्या गाड्या खूप दिसतात. गाडी चालते, पण इंजिनचा दिवा लागतो. पुन्हा चालू करायचा खर्च भावातून कापून घ्या.
बीएस-६ बजेटमध्ये आलीच तरी तुमच्या कामासाठी आधी विचार करा. तुमच्या भावाचा रोजचा फेरा जवळचा आहे. ज्या गाडीला धुराचा फिल्टर आहे तो साफ व्हायला गाडी सलग, गरम पळावी लागते. शेत ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत तो तुंबतो.

चौदापंधरा
सरळरेषा साहेबांनी बाटल्यांची टेस्ट लिहिली ते फार चांगलं केलं, गिऱ्हाइकांना माहीतच नसते.
आता चॅसी-पाटे. सोबत मीटर टेप न्या. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावीकडे मोजा, मग उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे हवेत. बोटभर फरक पडला तर मागचा सेंटर बोल्ट (पाटे आणि हाउसिंग जागेवर धरणारा) तुटून हाउसिंग सरकलंय किंवा चॅसी वाकलीय. सेंटर बोल्ट किरकोळ काम आहे, चॅसी नाही. मग मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्यापर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा. एक बाजू बसलेली असेल तर पाटे थकलेत किंवा आतला एखादा तुटलाय. पाटे बाजूने मोजा, रंग बघा. एक पाटा बाकीच्यांपेक्षा नवा, वेगळ्या जाडीचा असेल तर तो ओव्हरलोडसाठी घातलेला जादा पाटा आहे.
चॅसीला भेग कुठे पडते? केबिन संपून हौदा सुरू होतो त्या फटीत, आणि मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे. मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली झोपा. रिव्हेटभोवती बारीक लाल भुकटीचं वर्तुळ दिसलं तर तो रिव्हेट सैल होऊन हलतोय. चॅसीवर आडवी-उभी वेल्डिंग आणि त्यावर ताजा काळा रंग, एवढं दिसलं की पुढचं काही बघू नका, परत या.
ग्रीसचे निपल बघा. ज्याने गाडी सांभाळली त्याच्या निपलवर जुनं, धूळ बसलेलं जाड ग्रीस असतं. विकायच्या आदल्या दिवशी ग्रीस मारलं असेल तर कोरड्या गंजावर स्वच्छ ताजं ग्रीस चमकतं.
क्लचसाठी हँडब्रेक ओढा, तिसरा टाका, थोडा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते. ही परीक्षा एकदाच करा, सारखी करून चांगली प्लेट जाळू नका. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. पहिलं क्लचच्या कामात निघून जातं, दुसऱ्याला गिअरबॉक्स उघडावा लागतो.
उतारावर दुसऱ्या-तिसऱ्यात अॅक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर स्वतःहून बाहेर आला तर गिअरबॉक्सचं काम नक्की.

अण्णा_मिरजकर
आयुष्य स्टिअरिंगवर गेलं, आता नातू चालवतो. या मुलांनी इंजिनचं सगळं लिहिलंय, पण तुझा भाऊ माळशेज उतरणार आहे म्हणतोस, म्हणून बाळा, मी ब्रेक आणि स्टिअरिंगचं लिहितो.
इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाब. पेडल कडक होईल. तसंच दाबून धरून गाडी चालू कर. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) चांगला. गेलं नाही तर व्हॅक्यूम गळतोय. मग चालू इंजिनवर पेडल एकसारखं दाबून धर. हळूहळू फ्लोअरकडे बसत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती.
मागचे ड्रम उघडल्याशिवाय सौदा करू नको. अर्ध्या तासाचं काम आहे. हाउसिंगचं ऑइल सील गेलं की गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं. रिकाम्या गाडीला ते जाणवत नाही. भरलेली गाडी उतारावर असते तेव्हा मागची चाकं पकडतच नाहीत, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, तो तापतो आणि मग पेडल मऊ पडतं. त्या वेळी हातात काही उरत नाही. काही पिकअपना मागच्या हाउसिंगला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, भार बघून मागच्या ब्रेकला दाब देणारा. पाटे वाढवले की त्याची दांडी चुकते, आणि कुणी कुणी ती तारेने बांधून ठेवतात. ती मोकळी, जागेवर आहे का बघ.
पुढचं चाक जॅकवर घे. वर-खाली धरून हलव, मग डावी-उजवीकडे धरून हलव. आडवं हललं तर टायरॉडचे एंड. उभं हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन-बॉल जॉइंट. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांग. उभं हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन-बॉल जॉइंट. टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर नुसतं अलाइनमेंट म्हणून सोडू नको.
आणि भावाला सांग, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी कितीही चांगली असली तरी.

बांधावरून
टायरवरून आठवलं. एजंट नवे टायर दाखवतो म्हणालात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी आणि कोड जुना असेल तर वरून रबर चढवलेलं असू शकतं. चारही टायर आणि स्टेपनी, सगळ्यांचे कोड बघा.
आणि वायरिंग. जादा लाइट, टेप, जीपीएस यांच्यासाठी बॅटरीवरून थेट ओढलेल्या वायरी फ्यूजशिवाय असतील तर घेतल्याबरोबर काढून टाका. आमच्या गावातली एक गाडी उभ्या उभ्या तशीच पेटली.

शिवारवाट
अण्णा, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. काल दोन गाड्या बघितल्या.
पहिली २०१८ ची, यार्डमधली. "घरगुती वापर" सांगत होते. हौद्याच्या सांध्यातून लाल पूड निघाली. टेपने मोजलं तर डाव्या बाजूची उंची चांगली दोन बोटं कमी. पाट्यात एक वेगळाच. चॅसीखाली जायची गरजच पडली नाही.
दुसरी २०१७ ची बीएस-४, मालकाच्या दारात. संकलन केंद्राचं दूध वाहायची. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. इंजिन थंड होतं, एका सेल्फात सुरू झालं, झाकण उडत नाही, पाणी स्वच्छ हिरवं. दोन्ही बाजूंची मापं जुळली. हौद्याचा तळ मात्र बऱ्यापैकी गंजलाय. दोन गोष्टी खटकल्या. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून "टक" असा आवाज येतो. आणि पन्नासच्या पुढे गेलं की मागून बारीक "ऊंऽऽ" असा सूर लागतो, अॅक्सिलरेटर सोडला की कमी होतो. मालक भला माणूस वाटला, मिस्त्री आणून काय हवं ते उघडून बघा म्हणतो. काय करू?

चौदापंधरा
दादा, दुसरी सोडू नका. तळाचा पत्रा बदलता येतो.
"टक" बहुतेक प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंतचा दांडा) क्रॉसची, म्हणजे सांध्याची आहे. गाडीखाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिरगळा, क्रॉस सैल असेल तर हातालाच कळतं. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही त्याच वेळी बघा. दोन्ही कामं एका दुपारची. मागच्या यू-बोल्टचे नट सैल असले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी ते आवळून घ्या.
सुराची मला जास्त काळजी आहे. तो हाउसिंगचा, आतल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीचा. आधी टायरचा आवाज नाही ना ते डांबरी गुळगुळीत रस्त्यावर पक्कं करा. टायरचा आवाज अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलत नाही, याचा बदलतो, म्हणून हाउसिंगच वाटतंय. मालक उघडू देतोय तर हाउसिंगचा खालचा प्लग काढून ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या. कमी निघालं तर सील गळतंय आणि कमी ऑइलवर चाललेली आहे. प्लगला चुंबक असेल तर त्यावर बघा, नसेल तर भांड्यात चुंबक फिरवा. राखाडी मऊ गाळ लागला तर ती नेहमीची झीज, नवं ऑइल भरून गाडी अजून बरीच चालेल. बोटाला टोचणारे चकाकते कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर क्राउन-पिनियन जोडीने बदलावं लागेल, बेअरिंगसकट. एक बदलून चालत नाही. त्याचा पूर्ण खर्च मजुरीसकट लिहून घ्या आणि भावातून वजा करा.
ड्रम काढाल त्याच वेळी अण्णांनी सांगितलेलं सीलही बघून होईल.

अण्णा_मिरजकर
बाळा, एवढं सगळं ठीक निघालं तरी पैसे द्यायच्या आधी एकदा भरून चालव. मालकाला म्हण, डिझेल माझं. वीस किलोच्या कॅरेटने सत्तर-पंचाहत्तर कॅरेट भर, आळेफाट्यावरून आण्याच्या घाटात वर-खाली एक फेरी मार. वर पोचल्यावर इंजिन बंद न करता तापमानाचा काटा बघ, उतरल्यावर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन बघ, लावू नको. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथला व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर अडकतोय.

शिवारवाट
मालकाशी बोललो, तो हो म्हणाला. गुरुवारी बाजाराला सुट्टी आहे आमच्याकडे, त्या दिवशी मिस्त्रीला घेऊन जातो. हाउसिंगच्या ऑइलचा आणि चुंबकाचा फोटो इथेच टाकेन. १४-१५ दादा, तुम्ही बघून सांगा, त्याआधी टोकन देत नाही.